जुन्या ब्राउझरवरचं शेवटचं माणूस

आमच्या सुनेला बसडेपोत सगळे तक्रारबाई म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. नाव तिने कमावलेलं आहे. माझा मुलगा बसड्रायव्हर. लग्नाआधी ती त्याच्याच बसने कामाला जायची. रोज सकाळी पुढच्या दाराने चढायची आणि चढता चढता त्याला ऐकवायची, की थांब्यावरचं वेळापत्रक धादांत खोटं आहे, त्यात लिहिलेल्या वेळेला बस कधी आलेली नाही, आणि कागद इतका पुसट झालाय की सात आहे की एक, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

मुलगा ऐकून घ्यायचा. ड्रायव्हरला गाडी चालवताना बोलायला बंदी असते, ऐकायला नसते. एके दिवशी मात्र त्याचंही डोकं फिरलं. लाल दिव्यापाशी गाडी थांबली तसा मागे वळून म्हणाला, "बाई, मी नुसतं चाक फिरवतो. तुम्हाला एवढं कळतंय तर डेपोत या आणि तुम्हीच करा नीट."

दुसऱ्या दिवशी ही बया खरंच डेपोत जाऊन उभी राहिली. तिला वेबसाइट बनवता येत होत्या, डेपोला वेबसाइट नव्हती, आणि डेपोचे साहेब थांब्यावरचे कागद बदलून बदलून वैतागले होते. त्यांनी तिला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. मग तिने वेबसाइट केली आणि माझ्या मुलाने तिच्याशी लग्न केलं. आधी काय झालं ते मला आता नीट आठवत नाही, सगळं एकाच धांदलीत उरकलं.

मीही काही गरीब गाय नाही. आयुष्यभर शिवणकाम केलं आणि तऱ्हेतऱ्हेच्या गिऱ्हाइकांना पुरून उरले. त्यामुळे घरात दोन तिखट बायका आल्यावर माझा मुलगा जास्तीच्या पाळ्या मागून घ्यायला लागला. पण खरं सांगते, आमचं वाजलं असं कधी झालंच नाही. तिला राग आला की ती भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते. मला राग आला की मी मशीनवर बसते आणि कुणाचं तरी न मागितलेलं काम करून टाकते. एकूण घर स्वच्छ राहतं आणि कुणाचं काही उसवलेलं राहत नाही.

लग्नानंतर तिने आपला कंप्युटर आणला आणि मागच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनशेजारी मांडला. मला बोलावलं. पडद्यावर एक छोट्या होडीचं चित्र होतं. ती म्हणाली, "आई, ही होडी दाबायची." मी दाबली. समोर पान उघडलं. वर निळी पट्टी, खाली सगळ्या बसचे मार्ग, मधोमध माझ्या मुलाचा मार्ग, आपला चौक, आपला थांबा, सगळं ओळीने. सगळं तिनं एकटीनं केलेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी म्हटलं, "अक्षर बारीक आहे."

दुसऱ्या दिवशी अक्षर मोठं झालेलं होतं. अख्ख्या शहराचं अक्षर माझ्यासाठी मोठं झालं. तरीही मी काही बोलले नाही. सुनेचं तोंडावर कौतुक करायचं नसतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. कुणी बसवलं ते माहीत नाही. माझ्या सासूने माझं कधी केलं नाही एवढं आठवतं. मी इतकंच केलं, की दुपारी घरात कुणी नसलं की मागच्या खोलीत जायचं, कंप्युटरवरचा टॉवेल काढायचा, होडी दाबायची आणि ते पान बघत बसायचं. लेकाची बस आणि सुनेचं काम, दोन्ही एका पडद्यावर. मला कुठे जायचं नसायचं. पण काय ते समाधान, शब्दांत सांगता येणार नाही. दारात चाहूल लागली की मी झटकन पत्त्यांचा खेळ लावायची. घरात सगळ्यांची समजूत, की आईला पत्त्यांचं वेड लागलंय. मुलाने माझ्या वाढदिवसाला पत्त्यांचा जोडसुद्धा आणून दिला. मी तो गोड मानून घेतला.

वर्षं गेली. सुनेने लॅपटॉप घेतला, मग दुसरा घेतला. तो जुना कंप्युटर माझ्याकडेच राहिला, आणि त्याचं काय झालं हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

हळूहळू जेवताना एका म्हाताऱ्याचं नाव यायला लागलं. "आज पुन्हा म्हाताऱ्याने घोळ घातला." "म्हाताऱ्यामुळे माझा अख्खा दिवस गेला." मला आधी वाटलं ऑफिसात कुणी वयस्कर कारकून आहे, आणि मी तिला झापलंही, की आपल्यालाही म्हातारं व्हायचंय. ती हसून हसून बेजार झाली. मग तिने समजावलं. वेबसाइट बघायला कंप्युटरवर एक खिडकी लागते, तिला ब्राउझर म्हणतात. तसे पुष्कळ ब्राउझर आहेत. त्यातला एक फार जुना. ज्यांनी तो बनवला त्यांनीही त्याच्यावरचा हात कधीच काढून घेतलाय. त्याला आता कुणी डागडुजी करत नाही, त्याला भोकं पडलीयत, त्यातून चोरटे आत शिरतात. पण शहरात काही लोक अजून त्याच्यातूनच बसचं वेळापत्रक बघतात, म्हणून तिला प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. एकदा सगळ्यांसाठी आणि एकदा म्हाताऱ्यासाठी.

"एकाच घरात दोन स्वयंपाक," मी म्हटलं.

"तेच तर. आणि दुसरा पथ्याचा," ती म्हणाली.

तिच्या मनात वेगळंच काही होतं. डेपोने प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलेलं होतं, गाडी कुठे आहे ते ऑफिसला कळत होतं. तिचं म्हणणं, ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला का कळू नये? पानावर शहराचा नकाशा असेल, त्यावर ठिपके सरकतील, एकेक ठिपका म्हणजे एकेक बस. वेळापत्रक सांगतं बस कुठे असायला हवी. हिला सांगायचं होतं बस खरोखर कुठे आहे. संध्याकाळी थांब्यावर बायका मान लांब करून करून रस्त्याच्या टोकाकडे बघतात, तीही एके काळी त्यांच्यातलीच होती. ती हे सांगायला लागली की जेवण बाजूला राहायचं. ताटातले दाणे घेऊन ती बस सरकवून दाखवायची. माझा मुलगा म्हणायचा, "अगं, माझा ठिपका खाल्लास तू."

मला ऐकून अंगावर काटा यायचा. मुलगा पाळीवरून यायला उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो, हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. वेळापत्रक म्हणतं तो चौकात पोहोचला. पण तो चौकात आहे की आणखी कुठे, हे त्या पानाला काय माहीत? ठिपका दिसला तर मी निवांत श्वास घेईन, एवढंच माझ्या मनात यायचं. पण म्हाताऱ्याला नकाशा काढता येत नव्हता, ठिपके तर लांबच. घोडं तिथेच अडलं होतं.

शेवटी तिने साहेबांपुढे मांडलं. जुन्या ब्राउझरचा आधार काढून घेऊ, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू. आता हे साहेब काय माणूस आहेत ते सांगायला हवं. साहेब आधी कंडक्टर होते, शेवटच्या गाडीवर. शेवटच्या गाडीचा त्यांच्या डेपोत एक रिवाज आहे. घंटा मारण्याआधी कंडक्टरने खाली उतरायचं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचं, कुणी धावत येत असेल तर थांबायचं. नुसतं दारातून डोकावलेलं चालत नाही, पाय जमिनीला लागला पाहिजे. कारण ती गाडी गेली की मागून दुसरी नाही.

साहेब तिला म्हणाले, "तक्रारबाई, तुमचं पटतं मला. पण जुना ब्राउझर ही त्या लोकांची शेवटची गाडी आहे. खाली उतरून बघा. एकेकाला नव्या गाडीत बसवा. एकही प्रवासी रस्त्यावर उरला नाही असं मला दाखवा, मग मी स्वतः घंटा मारतो."

दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. आमची बाई पदर खोचून कामाला लागली. काय ते दिवस होते. घरात नुसती धामधूम. वेबसाइटवर कोण कुठून येतं याची नोंद ठेवायची नाही, लोकांच्या घरात डोकावायचं नाही, असा साहेबांचा नियम. त्यामुळे जुन्या ब्राउझरवर माणसं किती, एवढंच तिला दिसायचं. कोण, ते शोधायला तिला पायीच फिरावं लागलं. ती शाळेत गेली, तिथे अख्खी खोलीभर कंप्युटर म्हाताऱ्यावर चालत होते. ते बदलून आली. दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत गेली. वृद्धाश्रमात गेली, तिथल्या आजोबांनी तिला दोन तास बसवून घेतलं आणि वर सांगितलं, की आम्हाला बस कुठे लागते, पोरी, तू बोलायला आलीस हेच पुष्कळ. रोज संध्याकाळी ती दारातूनच आकडा सांगायची. आकडा उतरत चालला. मुलगा थांब्याथांब्यावर प्रवाशांना विचारायचा. शिलाईला येणाऱ्या बायकांना मीही विचारायची, "तुमच्याकडे जुना ब्राउझर आहे का हो?" त्या घाबरून म्हणायच्या, "नाही, आमच्याकडे सगळे ठीक आहेत."

आणि एके दिवशी ती पायऱ्या चढत आली तीच मुळी पळत. "आई, एक. फक्त एक उरलाय."

आम्ही तिघांनी जेवणाआधीच गोड खाऊन घेतलं. उद्या तो एकही जाईल, असं वाटलं.

तो एक जाईना. रोज दुपारी यायचा, थोडा वेळ पान बघायचा आणि जायचा. सुट्टीच्या दिवशी यायचा नाही. म्हणजे ऑफिसातला असणार, मुलगा म्हणाला. नाही, सून म्हणाली, ऑफिसातल्या माणसाला असा फुरसतीने बघायला वेळ कुठे. मी म्हटलं, "कुणीतरी हट्टी थेरडा असणार. एका माणसामुळे सगळ्यांचं अडतंय याची लाज नाही. माझ्या हाती लागू दे, कान धरून नव्या ब्राउझरवर बसवते." सून म्हणाली, "आई, तुम्ही खरंच शोधलंत तर मी तुम्हाला काय हवं ते देईन." ते कान धरायचं मी अगदी मनापासून बोलले होते, हे लक्षात ठेवा.

शहराच्या मोठ्या कार्यालयात शुक्रवारी बैठक ठरली. तिथून निरोप आला, की जुन्याचा निकाल लागला असेल तर नव्या पानाचं काम डेपोने करावं, नसेल तर ते काम बाहेरच्या कुणाला तरी देऊन टाकू. म्हणजे हिने इतकी वर्षं मनात जपलेले ठिपके दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. ते लोक कधी त्या थांब्यावर उभे राहिलेले नाहीत. ते सांगताना तिचा आवाज इतका शांत होता की मला भांडी घासलेली परवडली असती.

त्याच आठवड्यात मी दुपारी पान उघडलं तर वर एक पिवळी पट्टी आलेली. "आपला ब्राउझर फार जुना झाला आहे. लवकरच हे पान त्यावर दिसणार नाही. कृपया या नंबरवर फोन करा, आम्ही घरी येऊन मदत करू." मी दोनदा वाचलं. किती नीट लिहिलंय, कुणाला टोचू नये असं. बसमध्ये 'दारात उभे राहू नका' लिहिलेलं असतं ना, ते सगळे वाचतात आणि दारातला प्रत्येक जण समजतो की ते शेजारच्यासाठी आहे. मीही तसंच समजले. माझ्या डोक्यात ब्राउझर ही ऑफिसातली काहीतरी भानगड. मी तर नुसती होडी दाबत होते.

बुधवारी रात्री जेवायला बसलो. मुलाने विचारलं, "पट्टीचा काही उपयोग झाला का?"

सून म्हणाली, "कुठे काय. तो रोज येतो, पट्टी बघतो आणि जातो. गंमत बघा, अख्ख्या शहरात ती पिवळी पट्टी फक्त त्या एका माणसाला दिसते. बाकी कुणाच्या पानावर ती नाहीच. तरी त्याला वाटत नाही की हे आपल्यालाच म्हणतायत."

माझा घास हातातच राहिला. तुम्हाला म्हणून सांगते, पायाखालची फरशी सरकली असं वाटलं. पट्टी मला दिसत होती. पिवळी होती. खालचा नंबर मी चष्मा पुसून वाचला होता. माझी होडी म्हणजेच तो म्हातारा ब्राउझर, आणि हट्टी थेरडा म्हणजे मी. कान धरायचे तर माझेच.

मी पाणी प्यायले आणि शक्य तेवढ्या साळसूदपणे विचारलं, "समजा, उद्यापासून तो आलाच नाही तर? मग झालंच की शून्य."

"साहेब नाही मानायचे," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. ते म्हणतात, न आलेला प्रवासी म्हणजे बसलेला प्रवासी नव्हे. तो आजारी असेल, गावाला गेला असेल. माणूस दाखवा म्हणतात." मग ती उठली आणि घासलेलं पातेलं घासायला लागली.

झालं. गुपचूप टॉवेल टाकून मोकळं व्हायची वाट बंद झाली. आता तोंड उघडायचं, तर ती पहिलाच प्रश्न विचारणार, रोज का उघडता? आणि त्याचं उत्तर मी इतकी वर्षं पत्त्यांखाली दडवून ठेवलेलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तुम्ही कुणाच्या सासू नसाल. माझा सगळा ताठा त्या उत्तरावर उभा होता. न बोलावं, तर पोरीचं स्वप्न माझ्यामुळे मातीत. आणि माझ्यामुळे म्हणजे कशामुळे, तर मला तिच्या कामाचं अप्रूप म्हणून. इतका वेडेपणा आमच्याच घरात होऊ शकतो.

गुरुवारी दुपारी मी मागच्या खोलीत गेले. होडी दाबली. पिवळ्या पट्टीवरचा नंबर बघून फोन लावला. फोन शिलाई मशीनवर ठेवून मी त्याच्यावर वाकले.

"नमस्कार, बसडेपो, वेबसाइट विभाग." आवाज तिचाच.

मी घसा साफ केला. "हे बघा, मी पिवळ्या पट्टीवरून बोलतेय."

पलीकडे काहीतरी पडलं. बहुधा खुर्ची. "सापडला," ती कुणाला तरी ओरडून म्हणाली, आणि मग एकदम मऊ आवाजात, "बोला ना, बोला. ठेवू नका हं फोन. तुम्ही कुठे राहता? आम्ही लगेच येतो. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"त्रास कसला होणार. किल्ली तुझ्याकडे आहेच."

पलीकडे खुर्ची उचलून जागेवर ठेवल्याचा आवाज आला.

"आई?"

"हो."

"आई, तुम्ही? मागच्या खोलीतल्या त्या कंप्युटरवर? पण तुम्ही तर पत्ते खेळता."

"मला पत्ते येत नाहीत," मी म्हटलं.

"मग रोज दुपारी वेळापत्रक कशाला बघता? तुम्हाला तर कुठे जायचं नसतं."

आलाच तो प्रश्न. मी पडद्याकडे बघितलं. निळी पट्टी, मोठं अक्षर, मधोमध आमचा थांबा. म्हटलं, आता काय लपवायचं. "तुझं काम बघते. तू केलंयस ना ते. चांगलं केलंयस. मला पहिल्या दिवशीच आवडलं होतं. बारीक अक्षराचं मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याही कुणीतरी नाक ओढलं. मी विचारलं, "तिथे आणखी कोण आहे?"

"आई, फोन स्पीकरवर आहे," ती म्हणाली. "सगळा विभाग ऐकतोय. साहेबसुद्धा."

मेले मी. पण साहेबांचा आवाज आला, खणखणीत, गाडीत शेवटपर्यंत पोहोचेल असा. "मावशी, इतके दिवस आम्ही सगळ्या शहरात खाली उतरून तुम्हाला शोधत होतो. उद्या सकाळी तयार राहा. तुम्हाला घ्यायला गाडी येईल."

गाडी म्हणजे मुलाची बस. शुक्रवारी ती आमच्या थांब्यावर थांबली आणि मुलगा नुसता दात काढत होता. सुनेने त्याला रात्रीच सगळं सांगितलं होतं. मी चढले तसा म्हणाला, "आजी, सांभाळून. दारात उभ्या राहू नका." मी त्याला डोळे वटारून दाखवले आणि पुढच्या सीटवर बसले. सून शेजारी बसली. माझी पिशवी तिने मांडीवर घेतली होती आणि गुडघा सारखा हलत होता. माझाही हलत होता. मला गंमत वाटत होती आणि धास्तीही.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे इस्त्रीतले. मुख्य जागेवर एक बाई होत्या, त्या अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "जुन्या ब्राउझरवर आता कुणी उरलेलं नाही, हे कशावरून?"

साहेब म्हणाले, "शेवटचा प्रवासी सोबत आणलाय." आणि माझ्याकडे हात केला.

मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मावशी, नवीन पान वापरायला जमेल ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "ते अजून झालंच कुठे आहे? हिला करू द्या, मग सांगते. पण हिलाच करू द्या. बाहेरचा माणूस अक्षर मोठं करायचा नाही. माझी सून फार हुशार आहे, आणि हे मी आज पहिल्यांदाच तिच्यासमोर बोलतेय, तेव्हा लिहून घ्यायचं तर घ्या."

लोक हसले. सून हसली नाही. ती टेबलाकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. साहेबांनी अध्यक्षबाईंना सांगितलं, "मी दोन्ही बाजूंना बघितलंय. कुणी धावत येत नाही." काम डेपोला मिळालं. तक्रारबाईला मिळालं. जिन्यात आल्यावर तिने मला जी मिठी मारली, ती इतकी जोरात की चष्मा वाकडा झाला. तो अजून तसाच आहे.

त्यानंतर आमचं घर म्हणजे डेपोचीच एक शाखा झालं. सुनेने मला पाटीएवढा टॅबलेट आणून दिला आणि रोज रात्री त्यावर अर्धवट नकाशा दाखवायला लागली. आधी नुसते रस्ते. मग थांबे. मग एक ठिपका आला, तो तळ्यातून चालत होता. "तुझा नवरा पोहायला गेला," मी म्हटलं. तिने तो रस्त्यावर आणला. मी सांगितलं, ठिपका फिका आहे, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. तिने गडद केला. आता मी दोष काढले की लगेच म्हणायची, "म्हणजे आवडलंय." आणि मी हो म्हणायची. हे माझ्या जिभेला वळण लागायला फार दिवस लागले नाहीत, याचं मलाच नवल वाटलं.

नवं पान सुरू झालं त्या दुपारी मी टॅबलेट घेऊन बसले. शहरभर ठिपके धावत होते. त्यातला एक माझा. बाजारापाशी थोडा रेंगाळला, पूल ओलांडला, आमच्या रस्त्याला लागला. मी खिडकीत गेले, आणि खाली कोपऱ्यावरून खरी बस वळली. पुतळ्यासारखी उभी राहिले. इतकी वर्षं याच खिडकीत मी नुसती वाट बघितली होती, आज मला माहीत होतं. डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले.

त्याच दिवशी संध्याकाळी जुन्या ब्राउझरचा आधार कायमचा निघणार होता. सुनेने सकाळी निघताना तसं सांगितलं होतं, आणखी काही बोलली नव्हती. मला राहवेना. मागच्या खोलीत गेले, टॉवेल काढला आणि शेवटची म्हणून होडी दाबली.

वेळापत्रक नव्हतं. निळी पट्टी नव्हती. पांढऱ्या पानावर, मी मागितलं होतं त्याहून मोठ्या अक्षरात, तीनच ओळी होत्या. हे पान अख्ख्या शहरात एकाच माणसाला दिसणार, हे लिहिणारीला पक्कं ठाऊक होतं.

"आई, ही गाडी इथवरच होती.
इतकी वर्षं सोबत बसलात.
आता मागच्या गाडीत या, तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय."